वाढत्या अंगाची साम्राज्यं

माझ्या नातीनं बंगळुरात आल्या आल्या मला पहिली आज्ञा केली ती अशी, "आजोबा, युनिफॉर्म अगदी मापात शिवा. वाढत्या अंगाचा नको."

मी चाळीस वर्षं शिंपीकाम करतोय. एवढ्या वर्षांत शाळेचं कापड घेऊन दुकानात आलेलं एकही माणूस असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. आई कानडी असो, तमिळ असो, तेलुगू असो, नाहीतर आमच्यासारखी मराठी, प्रत्येकजणी आपापल्या भाषेत एकच सांगते, की अंग वाढतंय, जरा मोठं शिवा. मग मी बाहीच्या टोकाला, खालच्या घडीला आणि दोन्ही कुशींना आतून दोन दोन इंच कापड दुमडून ठेवतो. वर्षभरानं टाके उसवले की तोच कपडा पुन्हा अंगाला येतो. हे माझ्या हाताला इतकं लागलंय की माझे स्वतःचे शर्टसुद्धा मी चुकून वाढत्या अंगाचे शिवतो, आणि बायको म्हणते की पोटाच्या बाबतीत तरी ते बरोबरच आहे.

"का गं, वाढायचं नाही वाटतं तुला?" मी नातीला विचारलं.

"मी तो दसऱ्यापर्यंतच घालणार आहे," ती म्हणाली आणि माझ्या टेपकडे पाठ करून उभी राहिली.

झालं होतं असं. माझी मुलगी लग्न करून पुण्याला गेली ती तिथलीच झाली. यंदा तिच्या कंपनीनं तिला इंदिरानगरच्या ऑफिसात पाठवलं, आणि ती चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन बसवनगुडीत आमच्याकडे राहायला आली. जावई पुण्यातच राहिला, आपल्या आईजवळ. यशवंतपूरला गाडीतून उतरल्यापासून घराच्या दारापर्यंत माझी नात रिक्षात रडत होती. तिच्या मैत्रिणी पुण्यात, शाळा पुण्यात, आणि इथं नववीच्या वर्गात सगळी मुलं मधल्या सुटीत कानडीत बोलणारी. शेवटी मायलेकींचा करार झाला. दसऱ्याच्या सुटीपर्यंत राहून बघायचं. नाहीच करमलं तर पुण्याला बाबांकडे परत. जुन्या शाळेनं तिची जागाही राखून ठेवली होती.

मला ती इथं हवी होती. आडपडदा कशाला ठेवू? चौदा वर्षांत ती मला मिळाली ती दरवर्षी मे महिन्यातले आठ दिवस, तेही पाहुणी म्हणून. आता ती रोज सकाळी माझ्यासमोर बसून कॉफीत बिस्कीट बुडवत होती, आणि ते बिस्कीट बुडून तळाशी गेलं की माझ्यावरच चिडत होती. हे सुख दसऱ्याला संपणार म्हटल्यावर मी मनातल्या मनात दिवस मोजायला लागलो. तोंडानं मात्र काही बोललो नाही. मुलीची सक्त ताकीद होती, "बाबा, तिला आग्रह करायचा नाही. तिचं तिला ठरवू द्या."

तिचं आणि माझं आणखी एका बाबतीत जमत नव्हतं. तिला माझं मराठी चालायचं नाही. मी म्हणायचो, "स्वल्प सरक की, कात्री तुझ्या मागं हाय." ती डोळे मोठे करायची. "आजोबा, हे मराठी आहे?"

"मग काय हाय?"

"स्वल्प म्हणजे काय?"

"स्वल्प म्हणजे स्वल्प."

आमचे पूर्वज इकडं केव्हा आले ते आम्हांला धड ठाऊक नाही. माझे आजोबा सांगायचे की कुठल्याशा मराठी फौजेबरोबर तंबू शिवायला आले. फौज परत गेली, राज्य गेलं, त्यानंतरची दोन राज्यंही गेली, आणि आम्ही सुईदोरा घेऊन इथंच राहिलो. तंबू संपल्यावर गोऱ्यांच्या छावणीतले गणवेश शिवले, ते संपल्यावर शाळांचे. आता गॅदरिंगचे पोशाख, भरतनाट्यमचे कपडे आणि झेंडे. इतक्या पिढ्यांत भाषेला थोडंफार कानडी लागणारच. पण हे पुण्याच्या मुलीला कोण सांगणार?

शाळा सुटल्यावर ती दुकानात येऊन बसायची, कारण आई ऑफिसात आणि आजी दुपारची झोपलेली. सुरुवातीला ती फोनमध्ये तोंड खुपसून बसे. एक दिवस मी तिच्या पुढ्यात चुकीचा शिवलेला एक परकर टाकला आणि टाके उसवायचं छोटं आकड्याचं हत्यार हातात दिलं. तिनं तो परकर अर्ध्या तासात मोकळा केला, एक धागा न तुटता, कापडाला एक भोक न पडता. राग निघत असावा. मला काय, माझं काम होत होतं. हळूहळू दुकानातलं सगळं उसवणं तिच्याकडे गेलं, आणि उसवता उसवता ती दोन शब्द बोलायलाही लागली.

सप्टेंबरात मी दरवर्षी पिवळे-तांबडे झेंडे शिवायला घेतो. नोव्हेंबरच्या एक तारखेला कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, प्रत्येक गल्लीच्या तोंडाला झेंडा लागतो, आणि आमच्या भागातले निम्मे झेंडे माझ्या मशीनखालून गेलेले असतात. ते बघून नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही मराठी ना? मग त्यांचे झेंडे कशाला शिवता?"

मी तसा तापट माणूस आहे. मशीन थांबवून म्हणालो, "त्यांचे म्हणजे कुणाचे गं? पलीकडचा दूधवाला, समोरचा फुलवाला, खालचा कॉफीवाला, ह्यांचेच ना? माझ्या बापाला खांदा दिला त्यांनी. नी माझं दुकान ह्याच गल्लीत हाय." पुढं बरंच काही बोलणार होतो, पण ती घाबरलेली दिसली, म्हणून मी पुन्हा पायट्यावर पाय ठेवला. दोन राज्यांची सीमेवरून भांडणं लागली की पुण्याचे नातलग फोन करून विचारतात, तिकडं ठीक ना? आणि इथले शेजारी विचारतात, तिकडं ठीक ना? मी दोघांनाही ठीक म्हणून सांगतो. हे तिला सांगावंसं वाटलं होतं, पण रागात राहून गेलं.

त्याच आठवड्यात तिच्या शाळेच्या इतिहासाच्या मिस दुकानात आल्या. लहानखुऱ्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या, भराभर बोलणाऱ्या. आमचं बोलणं कानडीतच झालं.

"अण्णा, सहा साम्राज्यं शिवून हवीत," त्या म्हणाल्या.

पहिल्या महायुद्धाच्या आधीचा धडा होता. राष्ट्रवाद कसा वाढला, साम्राज्यांची एकमेकांशी चुरस कशी लागली, आणि शेवटी सगळे एका लहानशा देशावरून कसे लढायला उठले. मुलांना तो पाठ होतो पण कळत नाही, म्हणून मिसनी त्याचं अर्ध्या तासाचं नाटक बसवलं होतं. इंग्लंड, फ्रान्स, रशिया, जर्मनी, तुर्कस्तान आणि ऑस्ट्रिया-हंगेरी. शेवटच्याला दोन मुलं, कारण ते एकात दोन देश होते. सहा भरजरी कोट हवे होते, त्या जोडीला मिळून एकच मोठा. शिवाय एक साधा पांढरा सदरा, लहानशा सर्बियासाठी. सर्बिया माझी नात होती.

"तिला एकच वाक्य ठेवलंय, शेवटी," मिस हळूच म्हणाल्या. "वर्गात कुणाशी बोलतच नाही ती. वाक्य कानडीत दिलंय मी मुद्दाम."

मी मान हलवली.

साम्राज्यं मापं द्यायला आली. जर्मनी झालेला मुलगा चांगला गुबगुबीत, आणि इंग्लंड झालेली मुलगी उंच, शिडशिडीत, मानेनं कायम वर बघणारी. हल्लीच्या मुलांची नावं मला लिहिता येत नाहीत, म्हणून मी मापाच्या चिठ्ठ्यांवर सरळ देशांची नावं लिहिली आणि त्या त्या रंगाच्या कापडाला टाचून टाकल्या. हीच माझी चूक. पण ते पुढं येईल.

इंग्लंडच्या तांबड्या कोटाला मी सहा सोनेरी बटणं लावली. दुसऱ्या दिवशी जर्मनी सहज म्हणून दुकानात डोकावला, बटणं मोजली आणि म्हणाला, "अंकल, मला आठ." मी आठ लावली. इंग्लंडला कुणीतरी बातमी दिली. ती आली आणि खांद्यांवर झुपके मागितले. मग जर्मनीलाही झुपके हवे झाले, आणि वर डोक्यावर टोकदार शिरस्त्राण. प्लॅस्टिकच्या वाडग्यावर नरसाळं उलटं चिकटवून, वर काळा रंग देऊन मी ते करून दिलं, आणि खरं सांगतो, इतकं झकास झालं की दोन दिवस मीच ते घालून आरशात बघत होतो. रशियाच्या आईनं फोनवर कुठल्यातरी सम्राटाचं चित्र पाठवलं, छातीवर पदकं इतकी की कापड दिसत नव्हतं. तुर्कस्ताननं तांबडी मखमली टोपी मागितली, तिला गोंडा, आणि तो गोंडा फ्रान्सच्या गोंड्यापेक्षा लांब. एकटी ऑस्ट्रिया-हंगेरीची जोडी काही मागत नव्हती. त्या दोघी एकाच कमरपट्ट्यात मावेनात, म्हणून नुसत्या हसत बसायच्या.

मला काय हुरूप आला होता! भरतनाट्यमची उरलेली जर, मखमलीचे तुकडे, वर्षानुवर्षं डब्यात साठलेल्या लेसा, सगळं बाहेर काढलं. कमी पडलं ते चिकपेटला जाऊन आणलं. कुणी आलं की मी विचारायचो, "आणि खांद्यावर काय?" आणि ते साम्राज्य ताबडतोब काहीतरी वाढवून मागायचं.

नात कोपऱ्यात बसून तिचा धडा मोठ्यानं वाचत होती. मी पाठ करून घेतोय असा माझा बहाणा होता. ती वाचत होती की एका देशानं लढाऊ जहाज बांधलं की दुसरा दोन बांधायचा, मग पहिला चार. प्रत्येकाला वाटायचं की आपण नुसता बचाव करतोय. वाचता वाचता ती थांबली. तिनं माझ्या हातातल्या लेसेच्या रिळाकडे पाहिलं, मग त्या सहा कोटांकडे.

"आजोबा," ती म्हणाली, "हे सगळं तुम्हीच पेटवताय."

मी खो खो हसलो. तीही हसली. बंगळुरात आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो, आणि त्या भरात मी फ्रान्सला आणखी दोन बटणं लावून टाकली.

पण शाळेत मात्र खरंच पेटलं. झुपके कुणाचे मोठे यावरून इंग्लंड आणि जर्मनी तालमीत हातघाईवर आले. रशियानं जर्मनीची बाजू घेतली, मग फ्रान्सनं दोघांशी बोलणं टाकलं. मिस डोक्यानं तिखट. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, की ज्याला जो देश सगळ्यात नावडता आहे, तोच देश आता त्यानं करायचा. गुबगुबीत मुलगा झाला इंग्लंड, शिडशिडीत मुलगी झाली जर्मनी, आणि बाकीचीही तशीच फिरली. ऑस्ट्रिया-हंगेरीला कुणी शत्रू मानतच नव्हतं, त्यामुळे त्या दोघी जागच्या जागी राहिल्या.

हा निरोप नातीनं मला आणून दिला. अगदी नीट, दोनदा. मी तेव्हा रशियाची पदकं कापत होतो. "सरी, सरी," म्हणालो, म्हणजे आपलं कानडीतलं बरं, बरं. माझ्या चिठ्ठ्यांवर देश लिहिलेले होते. जर्मनीचा कोट जर्मनीलाच जाणार, मग मला काय फरक पडतो? मुलांच्या कपड्यांची मी ट्रायलही घेत नाही. चाळीस वर्षांत गरज पडली नाही, असं मी छाती फुगवून सगळ्यांना सांगत असे.

सुटीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी पाचला नाटक होतं. दुपारी दीडला साम्राज्यं कोट घालायला दुकानात आली. गुबगुबीत मुलानं इंग्लंडच्या कोटात एक हात घातला, दुसरा घालायला गेला आणि मध्येच अडकला. तिकडं शिडशिडीत मुलगी जर्मनीच्या कोटात उभी राहिली ती खुंटीला कोट लटकवल्यासारखी दिसली. रशियाच्या बाह्या गुडघ्यांपर्यंत, तुर्कस्तानची पोटावर बटणं लागेनात. मग फ्रान्स रडायला लागला.

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं. मुलं बदलली म्हणून."

मी मटकन स्टुलावर बसलो. चूक माझीच होती. कोट देशाला बसत नसतो, अंगाला बसतो, हे शिंप्याच्या पोराला दुसऱ्या यत्तेत कळतं. चाळीस वर्षांची फुशारकी उतरली होती, मिसची मेहनत वाया जाणार होती, आणि तिच्या वर्गातली सगळी मुलं आता तिच्याच आजोबांमुळे रडवेली झाली होती. ही पोर ह्यानंतर इथं कशाला राहील? खडू हातातून खाली पडला.

नातीनं तो उचलला. मग इंग्लंडच्या कोटाची कूस उलटी करून बोटांनी चाचपली, आणि ती ओरडलीच, "आजोबा, तुम्ही हे वाढत्या अंगाचे शिवलेत!"

खरंच की! नाटकाचे कोट, एका संध्याकाळपुरते, पण हातानं आपली खोड सोडली नव्हती. सहाही कोटांत कुशींना, बाह्यांना, पाठीला दोन दोन इंच कापड आत दुमडलेलं होतं.

मग माझ्या दुकानात जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. नातीनं फरशीवर चादर अंथरली आणि सगळ्या साम्राज्यांना मांडी घालून बसवलं. उसवायची चार हत्यारं होती, ती चौघांना दिली, बाकीच्यांना दाभण आणि सेफ्टी पिना. टाका कुठून धरायचा, दोरा कसा ओढायचा, सगळं ती दाखवत होती. मुलं घाईघाईनं ओढायला लागली तशी ती ओरडली, "निधाना! निधाना!" कानडीत हळू, सांभाळून. हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, पण तिच्या तोंडून तो पुणेरी सुरात इतका मजेदार आला की सगळी पोरं फिस्सकन हसली. ती गोरीमोरी झाली, मग तीही हसली, आणि पुन्हा म्हणाली, "अरे निधाना, स्वल्प निधाना!"

स्वल्प म्हणाली! मी मान खाली घालून मशीन चालवत राहिलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि सुई दिसत नव्हती.

इंग्लंड जर्मनीच्या कुशी उसवत होता, जर्मनी इंग्लंडच्या. मोकळं झालेलं कापड माझ्याकडे येई, मी ढिलं करायचं ते ढिलं करी, आवळायचं ते आवळी. इंग्लंडच्या पोटावर तरीही चार बोटं फट राहिली. जर्मनी झालेल्या मुलीनं आपल्या कोटाची सगळी जर उसवून दिली, आणि तिची पट्टी करून आम्ही ती फट बुजवली. रशियानं पदकं वाटून टाकली, कारण वजनानं छाती खाली येत होती. माझी बायको झोपेतून उठून आली, दारात उभी राहून म्हणाली, "हे काय गं बाई, लग्नघर हाय का काय?" आणि सगळ्यांसाठी चुरमुरे कालवायला परत गेली. चारला आमच्या लक्षात आलं की बाह्या पक्क्या शिवायला वेळच उरला नाही. मी हातानं कच्चे टाके घातले आणि सगळ्यांना बजावलं, की हात फार उगारू नका.

उगारू नका म्हणून सांगितलं, पण नाटकच होतं युद्धाचं.

शाळेचा हॉल भरलेला होता. मी, बायको आणि ऑफिसातून धावत आलेली माझी मुलगी, तिघं तिसऱ्या रांगेत बसलो. सुरुवात छान झाली. प्रत्येक साम्राज्य आपला झेंडा घेऊन पुढं यायचं आणि सांगायचं, की माझ्यासारखं कुणी नाही. लोक हसत होते. मग सगळे सर्बियाभोवती जमले. माझी नात मध्ये, पांढऱ्या सदऱ्यात, एवढीशी दिसणारी. एकमेकांवर ओरडणं सुरू झालं, आणि इंग्लंडनं मूठ उगारली. जर्मनीनं ठरल्याप्रमाणे त्याचा हात धरून ओढला.

अख्खी बाही तिच्या हातात आली.

हॉलमध्ये हशा उसळला. घाबरून जर्मनी मागं सरकली तर तिची गळपट्टी फ्रान्सच्या बटणात अडकून निघाली. रशियाची पाठ उसवली. तेवढ्यात माझी नात, जिला शेवटपर्यंत गप्प उभं राहायचं होतं, दोन्ही हात वर करून कळवळून ओरडली, "निधाना! अरे निधाना!"

मग काय विचारता! साम्राज्यांना हसू आवरेना, आणि युद्ध तिथंच थांबलं. मिस विंगेतून डोकावून काहीतरी खुणावत होत्या. हॉल शांत होईतो नात तशीच उभी राहिली. मग तिनं आपलं एकमेव वाक्य म्हटलं. ते वाक्य ती महिनाभर आरशासमोर घोकत होती. एकेका साम्राज्याकडे बघत ती कानडीत विचारत गेली, "एनु सिक्तु?" काय मिळालं?

नाटकात ह्याला उत्तर नव्हतं. सगळ्यांनी नुसत्या माना खाली घालायच्या होत्या. पण इंग्लंड झालेला तो गुबगुबीत मुलगा, एक हात उघडा, आपली तुटलेली बाही जर्मनीकडून परत घेत, अगदी रडवेल्या तोंडानं म्हणाला, "एक बाही."

लोक पोट धरधरून हसले. मागच्या रांगेतून कुणीतरी शिटी मारली. मग मिस पुढं आल्या आणि मुलांनी कोट काढून फरशीवर ठेवले, हे मात्र ठरल्याप्रमाणे. मिसनी थोडक्यात सांगितलं, की त्या युद्धात आपल्या म्हैसूरकडचीही पोरं गेली होती, दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी, आणि त्यातली कितीतरी परत आली नाहीत. रिकामे कोट समोर पडलेले होते. मग जोरात टाळ्या पडल्या, आणि मुलं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून वाकली. माझी नात मधोमध होती, तिच्या एका खांद्यावर इंग्लंडचा हात आणि दुसऱ्यावर जर्मनीचा.

मुलगी रुमालानं डोळे पुसत होती. मला म्हणाली, "बाबा, काही विचारायचं नाही हं तिला."

मी विचारलं नाही. सुटी लागली. नात रोज उशिरा उठायची, फोनवर हसायची, आणि मी कॉफी पिताना तिचं तोंड बघत बसायचो. पुण्याहून जावयाचा फोन आला की ती आतल्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई. काय ठरलं ते कळेना. मी झेंड्यांचं काम काढलं, पण लक्ष लागेना. दोन झेंडे उलटे शिवले, तांबडा वर आणि पिवळा खाली. नातीनंच ते उसवून दिले.

खंडेनवमीला आम्ही दुकान धुतलं. इथं सगळे तिला आयुधपूजा म्हणतात. मशिनींना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडला. पाटावर कात्र्या, टेप, खडू, काज करायची छिन्नी, उसवायची चार हत्यारं, सगळं मांडलं. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, हा माझ्या वडिलांपासूनचा नियम.

प्रसाद वाटत होतो तेवढ्यात नात आली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर करड्या रंगाचं कापड, तिच्या शाळेच्या युनिफॉर्मचं.

"जुना फाटला का गं?" मी विचारलं. आवाज जरा चढला असावा, कारण बायकोनं वळून पाहिलं.

"नाही. आखूड होतोय," ती म्हणाली. कापडाची घडी उगाच सारखी करत तिनं माझ्याकडे न बघताच पुढं सांगितलं, "आजोबा, हा वाढत्या अंगाचा शिवा."

तिला धरून नाचावंसं वाटत होतं, पण हातात प्रसादाचं ताट होतं. ते मी मशीनवर ठेवलं आणि टेपकडे हात नेला.

"हां हां!" बायको ओरडली. "आज हात लावायचा न्हाई. उद्या घे माप."

उद्यापर्यंत कोण थांबतंय! मी नातीला उभं केलं आणि वितीनं माप घेतलं, खांद्यापासून मनगटापर्यंत, माझे आजोबा टेप सापडली नाही की घ्यायचे तसं. ती गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती.

"आत किती ठेवू?" मी विचारलं.

तिनं बोटांवर मोजलं. "नववी संपेपर्यंत, आणि मग पूर्ण दहावी."

"सरी," मी म्हणालो. दोन इंच ठेवतो म्हणून तिला सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी कापायला बसलो तेव्हा अडीच ठेवले.